वाकलेल्या मानेचे शिल्प : अकिओ ताकामोरी यांची मातीची माणसे

विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकेच्या निदानकथेत धनिय नावाच्या भिक्खूची हकीकत आली आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ इसिगिलि पर्वताच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षाटनास गेला असता गवत आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायकांनी ती मोडून नेली. असे तीनदा घडले. आपण तर बापजाद्यांच्या कामात तरबेज आहोत, मग सबंध कुटीच मातीची का करू नये, असे तेव्हा त्याच्या मनात आले. चिखल मळून त्याने भिंतींपासून छपरापर्यंत सारे मातीचे उभारले आणि गवत, लाकूड, शेण रचून ती कुटी भाजून काढली. ती मृगाच्या किड्यासारखी लालचुटूक दिसे, आणि तिच्यातून घुंगरासारखा नाद येई. गिज्झकूटावरून उतरताना भगवंतांच्या दृष्टीस ती पडली. त्यांनी ती मोडून टाकण्यास सांगितले.

ही कथा सामान्यतः चोरीविषयक शिक्षापदाची पूर्वपीठिका म्हणून वाचली जाते, कारण कुटी मोडल्यानंतर धनियाने राजा बिंबिसाराच्या वखारीतील लाकूड उचलले आणि प्रकरण वाढले. परंतु कलेविषयी विचार करणाऱ्याने कथेच्या पहिल्याच भागाशी थांबावे, असे मला वाटते. कुटी सुंदर होती हे विनयकाराने लपवलेले नाही. उलट दोन सुरेख उपमा खर्चून ते नोंदवले आहे. ती मोडली गेली ती सौंदर्याचे वावडे होते म्हणून नव्हे. माती मळताना आणि भाजताना त्या मातीतल्या जिवांविषयी धनियाच्या मनात अनुकंपा उरली नव्हती, हा भगवंतांचा आक्षेप होता. भाजलेल्या मातीच्या एका कलाकृतीचे पालि वाङ्मयातील हे मूल्यमापन आहे आणि त्याचा निकष कारागिरीच्या पलीकडचा आहे. घडवणाऱ्याच्या हातात अनुकंपा होती की नव्हती, हा तो निकष होय.

हा निकष हाती घेऊन आपल्या काळातील एका मृत्तिकाशिल्पकाराकडे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अकिओ ताकामोरी हे त्यांचे नाव. जन्म १९५०, जपानच्या क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतातील नोबेओका या गावी. मृत्यू जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे, कर्करोगाने. प्रस्तुत लेखकाने त्यांची शिल्पे छायाचित्रांतूनच पाहिली आहेत. तरी त्यांच्याविषयी लिहिण्यास प्रवृत्त व्हावे असे त्यांत काही आहे. विशेषतः आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जो विषय हाती घेतला, त्या विषयाशी आपल्या वाचकांचा संबंध फार जवळचा आहे. तो विषय म्हणजे क्षमायाचना. हा शब्द आपल्या कानाला परिचित आहे. अनुभवाला तितकासा नाही.

नोबेओका हे रासायनिक उद्योगाचे शहर. युद्धाच्या अखेरीस बाँबहल्ल्यात होरपळलेले. ताकामोरींचे वडील डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना वेश्यावस्तीच्या जवळ होता. त्यामुळे या मुलाला लहान वयातच सर्व थरांतील माणसे दिसली. आणि तीही दवाखान्यात दिसतात तशी, म्हणजे दुखऱ्या, संकोचलेल्या, वाट पाहत बसलेल्या अवस्थेत. घरात वडिलांचा ग्रंथसंग्रह मोठा. त्यात वैद्यकाची पुस्तके आणि चित्रकलेची पुस्तके शेजारी शेजारी होती. एका पानावर पिकासोचे चित्र, दुसऱ्या पुस्तकात शरीररचनेचे तक्ते. मानवी देहाकडे लाज न बाळगता, आणि लोभही न बाळगता, पाहण्याची जी सवय त्यांच्या कामात दिसते तिचे मूळ या घरात असावे.

पुढे तोक्योच्या मुसाशिनो कला महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते क्यूशूतीलच कोइशिवारा या कुंभारगावी उमेदवारीस राहिले. कोइशिवाराची भांडी ही जपानी लोककलेचा मानबिंदू मानली जातात. यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनामिक कारागिराच्या साध्या भांड्याचे जे तत्त्वज्ञान मांडले, त्यात अशा गावांचे स्थान मोठे आहे. निनावी राहावे, तेच भांडे शेकडो वेळा तसेच घडवावे, त्यातून सौंदर्य आपोआप उतरेल, असा तो विचार. तो उदात्त आहे. परंतु कारागिराच्या निनावीपणाचे कौतुक बहुधा नाव असलेली माणसे करतात, हेही आपण विसरू नये. ताकामोरींना तेथे हात मिळाला, आवाज मिळाला नाही. केन फर्ग्युसन या अमेरिकन कुंभकाराची तेथे भेट झाली आणि त्यांच्या सांगण्यावरून १९७४ मध्ये ते अमेरिकेत गेले. कॅन्सस सिटी येथे १९७६ मध्ये पदवी, आल्फ्रेड विद्यापीठात १९७८ मध्ये पदव्युत्तर शिक्षण, १९९३ पासून सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन, असा पुढचा आलेख आहे.

त्यांचे पहिले लक्षणीय काम म्हणजे पाकिटाच्या आकाराची भांडी. मातीच्या दोन पातळ चादरी कडेने जोडून चपटे पात्र करायचे, त्याचा काठ माणसाच्या देहरेषेप्रमाणे कापायचा आणि आत-बाहेर दोन्हीकडे माणसे रंगवायची. बाहेरून पाहिले तर एक आकृती, वरून आत डोकावले तर दुसरी. प्रेमी युगुले, आई आणि मूल, झगडणारी माणसे. यांतील बरीच भांडी शृंगारिक आहेत. मला ती हुशार वाटतात आणि तेथेच थांबतात. पात्राला आतली आणि बाहेरची बाजू असते या गोष्टीची गंमत त्यांत अधिक, त्या आत-बाहेर अडकलेल्या माणसांची चिंता कमी.

वळण आले ते १९९६ च्या सुमारास. नेदरलँड्समधील युरोपियन मृत्तिकाकला केंद्रात काम करताना ताकामोरींनी भांडे सोडले आणि सुटी, उभी माणसे घडवण्यास प्रारंभ केला. ही माणसे नोबेओकाची होती. शाळकरी मुले, पाठीशी मूल बांधलेल्या बाया, म्हातारी माणसे. परदेशात, दुसऱ्या परदेशातून येऊन, त्यांना आपल्या लहानपणची गल्ली आठवली. २००५ मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठाने त्यांच्या तोवरच्या कामाचे जे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या नावात स्मृतीच्या ढगांचा उल्लेख होता. तो सार्थ आहे. ढगातून दिसावे तसेच या माणसांचे तपशील कुठे स्पष्ट, कुठे पुसट आहेत.

त्यांची घडण थोडी सविस्तर पाहू. मातीच्या वळ्या एकावर एक चढवीत ही आकृती पोकळ उभारली जाते. बहुतेक आकृती मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत पोचत नाहीत. डोके धडाच्या मानाने जरा मोठे. हातपाय सुटे न काढता पुष्कळदा अंगाशी, कपड्याशी मिसळलेले. कपडा खाली घंटेसारखा पसरून तोच आकृतीची बैठक बनतो. म्हणजे कोरीव काम जवळजवळ नाहीच. माणूस ओळखू येतो तो वरच्या रंगकामातून. काळ्या रंगाची वाहती कुंचलारेषा डोळा, भुवई, सदऱ्याची घडी, बोटे दाखवते. अंगावर पातळ, ओघळणारे रंग आणि झिलई. मातीचा घाट एक सांगतो आणि रेषा त्यावर दुसरेच सांगते. हात घाटात नसतो, रेषेत असतो. चेहऱ्याचा फुगीरपणा बाहुलीचा आणि त्यावरचे डोळे मात्र खरोखरच्या थकलेल्या बाईचे. या विसंगतीमुळे पाहणारा प्रथम हसतो.

हसण्याचा हा पहिला क्षण टीकाकारांना पुरेसा वाटतो आणि ते अशा शिल्पांना ‘गमतीदार’, ‘लहरी’, ‘खेळकर’ म्हणून मोकळे होतात. मातीच्या लहान माणसाला आपणही ‘खेळणे’ म्हणतोच. दगडाची मूर्ती आणि धातूचा पुतळा, आणि माती म्हटली की बाहुली किंवा बैल, अशी प्रतिष्ठेची उतरंड आपल्याही डोक्यात पक्की बसलेली आहे. जपानमध्ये तिसऱ्या ते सहाव्या शतकांतील थडग्यांच्या टेकाडांवर ‘हानिवा’ नावाच्या पोकळ मातीच्या आकृती रचलेल्या असत. घरे, घोडे, सैनिक, गाणारी माणसे. डोळ्यांच्या जागी नुसती भोके. ताकामोरींच्या मियाझाकी प्रांतात साइतोबारू येथे अशा टेकाडांचा फार मोठा समूह आहे. त्या आकृतीही आज पाहणाऱ्याला गोड, बालिश वाटतात. त्या मृताच्या सोबतीला ठेवल्या होत्या, हे समजल्यावर गोडवा तोच राहतो, पण हसू थांबते. ताकामोरींची माणसे अशीच आहेत. त्यांना पाहून प्रथम येणारे हसू खोटे नसते. ते फार वेळ टिकत नाही, इतकेच.

हास्याचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या हसणाऱ्या भिक्षूंकडे वळतो. पालि परंपरेच्या अभ्यासकाला ही शिल्पे थोडी अडचणीची आहेत. सेखिय नियमांत भिक्खूने वस्तीत मोठ्याने हसत जाऊ नये, हसत बसू नये असे सांगितले आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात दात दाखवून हसण्याला पोरकटपणा म्हटले आहे; आनंद झालाच तर स्मित पुरे. अभिधम्मात तर अर्हताच्या स्मितासाठी ‘हसितुप्पाद’ नावाचे स्वतंत्र चित्त मानले आहे. आपल्या लेण्यांतील बुद्धप्रतिमेच्या ओठांवर जे असते ते याच कुळातील. आणि येथे ही जपानी-चिनी परंपरेतील मंडळी खदाखदा हसत आहेत.

या हास्यामागे कान्झान आणि जित्तोकू या जोडीची आख्यायिका आहे. चीनमधील त्येनताय पर्वतावरील कुओछिंग विहारातील ही कथा थांग राजवटीच्या काळातील मानली जाते. जित्तोकू हा टाकून दिलेला पोर. विहाराच्या स्वयंपाकघरात राबून वाढलेला. चित्रांत त्याच्या हाती नेहमी झाडू असतो. कान्झान हा डोंगरातील गुहेत राहणारा कवी. जित्तोकू त्याच्यासाठी उरलेसुरले अन्न राखून ठेवी. एकदा त्या प्रांताचा अधिकारी या दोघांची कीर्ती ऐकून विहारात आला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यापुढे वाकला. त्यावर दोघे पोट धरधरून हसले आणि डोंगराकडे पळून गेले.

आपल्या वाचकाने या कथेतील झाडूकडे लक्ष द्यावे. ज्याच्या हाती झाडू आहे त्याच्यापुढे अधिकारी वाकतो, आणि झाडूवाला त्या वाकण्याने भारावून जात नाही. त्याला हसू येते. आदर दाखवणाऱ्याला वाटते की आपण फार मोठे कृत्य केले. ज्याला तो दाखवला त्याला ठाऊक असते की हे वाकणे आज आहे, उद्या स्वयंपाकघर तेच आहे. चिनी-जपानी चित्रकारांनी ही जोडी शेकडो वेळा रंगवली आणि बहुतेकांनी तिला वेडगळ सिद्धपुरुषांचे रूप दिले. ताकामोरींचे भिक्षू मला कमी सिद्ध आणि अधिक मानवी वाटतात. त्यांचे हास्य गालांपुरते नाही; सबंध पोकळ अंग हसण्याने फुगल्यासारखे दिसते. सेखिय नियमांचा भंग होतो तो होवो, पण या हास्यात पोरकटपणा मला सापडला नाही.

झोपलेल्या माणसांच्या शिल्पांविषयी थोडक्यात सांगतो. आडव्या, डोळे मिटलेल्या, कपड्याच्या घड्यांत बुडालेल्या या आकृती त्यांच्या सर्वांत लोकप्रिय कामांपैकी आहेत. झोपलेली आकृती जमिनीलगतच्या डोंगरासारखी दिसते आणि कुंचल्याला लांब, सलग रेषा मिळते. पण झोपलेला माणूस कशाचेच उत्तर देत नाही. शिल्पकारावर त्यामुळे फारशी जबाबदारी पडत नाही. यातील काही कामे मला केवळ मधुर वाटली. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपल्या परंपरेत, विनयातील यसाच्या कथेत आणि तिच्यावरून पुढे अट्ठकथेतील महाभिनिष्क्रमणाच्या वर्णनात, झोपलेल्या स्त्रिया येतात त्या किळस उत्पन्न करण्यासाठी. लाळ गळते आहे, केस विस्कटले आहेत, कोणी झोपेत बरळते आहे; पाहणाऱ्या तरुणाला ते स्मशान वाटते. दिवसभर दुसऱ्याच्या करमणुकीसाठी राबलेल्या त्या बायका थकून झोपल्या होत्या, याचा विचार कथाकाराने केला नाही. ताकामोरींच्या झोपलेल्या बाईला मात्र कोणाच्याही वैराग्याचे साधन व्हावे लागत नाही. धनियाच्या कुटीला लावलेला निकष येथे लावला, तर या जपानी शिल्पकाराचा हात आपल्या अट्ठकथाकाराच्या हातापेक्षा अधिक कनवाळू ठरतो.

आता सत्ताधारी पुरुषांकडे येऊ. माझ्या मते ताकामोरींचे सर्वांत महत्त्वाचे काम येथे आहे. त्याची सुरुवात एका छायाचित्रापासून होते. २७ सप्टेंबर १९४५ रोजी सम्राट हिरोहितो तोक्योतील अमेरिकन दूतावासात जनरल मॅकआर्थर यांच्या भेटीस गेले. त्या वेळचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. सम्राट काळ्या औपचारिक पोशाखात, ताठ, हात बाजूस सरळ. शेजारी त्यांच्याहून बराच उंच जनरल, उघड्या गळ्याच्या रोजच्या खाकी सदऱ्यात, हात कमरेवर ठेवून सैल उभा. जपानी सरकारने हे छायाचित्र छापू देऊ नये म्हणून खटपट केली. ताबेदार अमेरिकन प्रशासनाने ती हाणून पाडली. देव मानल्या गेलेल्या पुरुषाचे माणूसपण जाहीरनाम्याने १ जानेवारी १९४६ रोजी सांगितले गेले, पण लोकांच्या डोळ्यांना ते या छायाचित्राने आधीच सांगितले होते. ताकामोरींचा जन्म याच ताब्याच्या काळातील. तो १९५२ मध्ये संपला.

या दोघांना त्यांनी मातीत उभे केले. व्यंगचित्रकाराला येथे सोपी संधी होती: एकाला फुगवायचे, दुसऱ्याला आक्रसायचे. ताकामोरींनी दोघांनाही नोबेओकाच्या गल्लीतील माणसांची माती दिली. तीच मोठी डोकी, तीच थरथरती काळी रेषा, तेच किंचित गोंधळलेले डोळे. शाळकरी मुलगी आणि सम्राट यांना एकाच रीतीने घडवले तर मुलीचे काही बिघडत नाही, सम्राटाचे मात्र पुष्कळ बिघडते. उपहासाने सत्तेचा आकार कायम राहतो. ज्याचा उपहास करायचा तो मोठा आहे हे त्यात मान्य केलेले असते. ताकामोरींनी तेवढेही मान्य केलेले दिसत नाही.

यानंतर येते शेवटचे काम. २०१६ मध्ये, आजारपणाच्या काळात, ते जाहीर माफी मागणाऱ्या पुरुषांच्या आकृती घडवीत होते. ताकामोरींच्या निधनानंतर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सिअॅटलच्या एका कलादालनात क्षमायाचना आणि पश्चात्ताप या नावाने त्या मांडल्या गेल्या. जपानमध्ये जाहीर माफीचा एक ठरलेला विधी आहे. मोठ्या कंपनीचे किंवा सरकारी खात्याचे वरिष्ठ एका ओळीत उभे राहतात, एकदम कमरेतून वाकतात, कॅमेऱ्यांचे दिवे लखलखतात, वाकलेली मान किती सेकंद खाली राहिली हे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे मोजतात. अशा छायाचित्रांत चेहरा दिसत नाही. दिसतो तो डोक्याचा माथा. ताकामोरींना चेहरा हवा होता. त्यांचे पुरुष वाकतात, रडतात, चेहरा आवळतात; आणि तो चेहरा पाहणाऱ्याला दाखवतात.

या समूहात विली ब्रांट यांची गुडघे टेकलेली आकृती आहे. ब्रांट हे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर. ७ डिसेंबर १९७० रोजी पोलंडशी करार करण्यासाठी ते वॉर्सात गेले असता ज्यू वस्तीतील उठावाच्या स्मारकापुढे पुष्पचक्र ठेवून ते एकाएकी ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसले. काही बोलले नाहीत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ब्रांट यांनी स्वतः काही अपराध केला नव्हता. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये ते देश सोडून नॉर्वेला गेले, पुढे स्वीडनला, आणि परागंदा राहून नाझींच्या विरोधात काम करीत राहिले. ज्यांनी गुडघे टेकायला हवे होते ते टेकत नव्हते; ज्याच्यावर ती वेळ नव्हती त्याने टेकले. त्या वेळी ‘डेर श्पीगेल’ने घेतलेल्या मतचाचणीत पश्चिम जर्मनीतील ४८ टक्के लोकांना हे अतिरेकी वाटले, ४१ टक्क्यांना योग्य वाटले. ‘माझ्या आजोबांनी केले, त्याला मी काय करू’ असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. त्यांनी या मनुष्याचा विचार करावा.

अट्ठकथाकारांनी हिरि आणि ओत्तप्प या दोन धम्मांत बारीक भेद केला आहे. हिरि आतून उठते. स्वतःच्या माणूसपणाची चाड बाळगून माणूस पापापासून मागे सरतो. ओत्तप्प बाहेरून उठते. लोक काय म्हणतील, परिणाम काय होईल या भयाने तो मागे सरतो. घाण माखलेला लोखंडी गोळा आपण किळसेने हाती घेत नाही, तापलेला गोळा भाजेल म्हणून घेत नाही, असा त्यांचा दृष्टान्त आहे. जगाचे रक्षण करणारे म्हणून दोन्ही धम्म वंद्य मानले आहेत. ओत्तप्पाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते अपराधापूर्वी उपयोगाचे. अपराध घडून गेल्यावर कॅमेऱ्यांच्या उजेडात केवळ भीती उरली असेल, तर तिचे काय करायचे?

ताकामोरींच्या माफी मागणाऱ्या पुरुषांत हा भेद पाहणाऱ्याला स्वतः करावा लागतो. एखाद्याच्या डोळ्यांतले पाणी आतून आले की दिव्यांच्या लखलखाटाने, हे माती सांगत नाही. काही चेहरे इतके विस्कटले आहेत की ते हास्यास्पद होतात. मोठा पुरुष रडू लागला की तो लहान मुलासारखा दिसतो आणि आपण पुन्हा हसण्याच्या काठावर येतो. ताकामोरी हे हसू अडवत नाहीत, पण त्याला मोकळे रानही देत नाहीत. ब्रांटच्या आकृतीकडे पाहताना ते उमटतच नाही. वास्तविक गुडघ्यांवर बसलेला, जड कोटातला पुरुष ही आकृती मातीच्या दृष्टीने इतरांहून अधिक बोजड आहे, बाहुलीच्या जवळ जाणारी. तरी हसू येत नाही, आणि यातच मला शिल्पकाराची खरी ताकद दिसते. दुःखाचा आविष्कार मातीत करण्याची जपानी परंपरा फार जुनी आहे. होर्यूजी विहाराच्या पाच मजली पॅगोड्यात इ. स. ७११ च्या, न भाजलेल्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या प्रसंगी छाती पिटून, तोंड उघडून आक्रोश करणारे शिष्य त्यांत आहेत. त्या शिष्यांचा शोक निरपराध आहे. ताकामोरींनी ते रडणे अपराध्याच्या तोंडावर आणले.

येथे अजातशत्रूची आठवण अपरिहार्य आहे. धनियाला ज्या बिंबिसाराने क्षमा केली, त्याच बिंबिसाराला ठार करून त्याचा हा मुलगा राजा झाला. सामञ्ञफलसुत्तात तो पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आम्रवनात येतो. शेकडो भिक्खू बसले असूनही शिंकण्या-खोकण्याचा आवाज नाही, हे पाहून त्याच्या अंगावर काटा येतो. आपल्याला शत्रूच्या हवाली तर करीत नाहीत ना, असा संशय तो जीवकापाशी व्यक्त करतो. बापाचा खून केलेल्या माणसाला शांततेची भीती वाटते. उपदेशानंतर तो अपराधाची कबुली देतो. भगवंत ती स्वीकारतात. अपराधाला अपराध म्हणून पाहणे, त्याचे परिमार्जन करणे आणि पुढे संयम पाळणे ही आर्यविनयात वृद्धीच होय, असे सांगतात. पण राजा उठून गेल्यावर ते भिक्खूंना म्हणतात की हा मनुष्य आतून खचलेला आहे. पितृहत्या केली नसती तर याच आसनावर त्याला धम्मदृष्टी लाभली असती. कबुली स्वीकारली गेली, आणि तिने केलेले पुसले गेले नाही. दोन्ही विधाने एकाच रात्रीची आहेत. क्षमायाचनेविषयी याहून प्रामाणिक प्रकरण मला जुन्या वाङ्मयात ठाऊक नाही.

भारहुतच्या स्तूपाच्या एका स्तंभावर हाच प्रसंग कोरला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे शिल्प आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. हत्तीवरून आलेला राजा खाली उतरून गुडघे टेकतो, आणि अजातशत्रू भगवंतांना वंदन करीत आहे, अशा अर्थाचा लहानसा लेख शेजारी आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे भगवंतांची मानवाकृती नाही. आसन आहे आणि त्यापुढे दोन पाऊलखुणा आहेत. ज्याच्यापुढे वाकायचे त्याची जागा शिल्पकाराने राखून ठेवली आहे, आणि ती रिकामी असली तरी कोणाची आहे याविषयी संशय नाही.

ताकामोरींविषयी माझी तक्रार आहे ती याच ठिकाणी. त्यांचे माफी मागणारे पुरुष एकमेकांशेजारी उभे आहेत, एकमेकांकडे पाठ करून, पाहणाऱ्याकडे तोंड करून. ज्याने आयुष्यभर गल्लीतील माणसे इतक्या मायेने घडवली, त्याला या शेवटच्या समूहात एखादी म्हातारी, एखादी पाठीशी मूल बांधलेली बाई या पुरुषांसमोर उभी करणे अवघड नव्हते. तशा आकृती त्यांच्या हातात वीस वर्षे होत्या. कदाचित आजाराने तेवढा अवधी दिला नसेल. कदाचित तेथे पाहणाऱ्याने उभे राहावे अशी योजना असेल. पण पाहणारा हा कलादालनात आलेला पाहुणा असतो. गुडघे टेकलेला ब्रांट आहे, रडणारे अधिकारी आहेत, वाकलेल्या माना आहेत. ज्यांची माफी मागायची त्यांच्यासाठी तेथे आसन नाही आणि दोन पावलांच्या खुणाही नाहीत.